कासवाचं अंगण : एका कुंपणाचा इतिहास

गेल्या व्याख्यानानंतर एक तरुण श्रोते मला दाराशी थांबवून म्हणाले, "सर, परदेशात लोक कासवांसाठी बागेत अगदी नैसर्गिक वाटेल असं आवार बांधतात. माती, दगड, झुडपं, सगळं. यात तुमच्या तत्त्वज्ञानाला काही सांगता येईल का?" ते अर्धवट थट्टेत विचारत होते. मी मात्र घरी गेलो आणि मला झोप लागली नाही. का, ते आधी सांगतो. मग इतिहासाकडे वळू.

मी नऊ वर्षांचा होतो. म्हणजे १९५० च्या दशकाची अखेर. वडिलांचे एक स्नेही काठेवाडात नोकरीला होते. सुट्टीवर येताना त्यांनी आम्हा मुलांसाठी एक कासव आणलं. काळी पाठ, तिच्यावर पिवळ्या रेषांच्या चांदण्या. आजीला केवढा आनंद! कूर्मावतार चालत घरी आला म्हणून तिने त्याच्या पाठीला हळदकुंकू लावलं. आता याला ठेवायचं कुठे? कासव म्हटलं की पाणी, यात कुणाला शंकाच नव्हती. माजघरातलं पितळी घंगाळ काढलं, ते अर्ध्याच्या वर पाण्याने भरलं आणि कासव त्यात सोडलं. रात्री सगळं सामसूम झालं की पितळेवर नखं घासल्याचा आवाज यायचा. खर्र, खर्र. आम्ही म्हणायचो, खेळतंय. सव्वा महिन्याने ते मेलं. वडिलांनी परसात पारिजातकाखाली पुरलं.

ते जमिनीवर राहणारं कासव होतं, हे मला कळलं तेव्हा मी कॉलेजात शिकवत होतो. त्याला पोहता येत नाही. कोरड्या माळरानावर, काटेरी झुडपांत, गवतात राहणारा तो प्राणी. आपल्या भाषेत समुद्रातलं, नदीतलं आणि माळावरचं, तिन्ही कासवंच. शब्द एक, म्हणून आम्ही प्राणीही एकच धरला. कुणी दुष्ट नव्हतं हो घरात. आजीने तर त्याची पूजा केली होती. पूजा केली, पण त्याच्या पायांकडे कुणी पाहिलं नाही. पोहणाऱ्या कासवाचे पाय वल्ह्यासारखे किंवा पडदे असलेले असतात. याचे होते हत्तीच्या पायासारखे, खांबासारखे.

आता इंग्लंडात जाऊ. जगातल्या सगळ्यात जास्त न्याहाळल्या गेलेल्या कासवाची गोष्ट सांगतो.

अठराव्या शतकात हॅम्पशायर परगण्यातल्या सेलबर्न नावाच्या खेड्यात गिल्बर्ट व्हाइट नावाचे एक पाद्री राहत होते. जन्म १७२०, मृत्यू १७९३. ऑक्सफर्डला शिकलेले, अविवाहित, बागकामाचे वेडे. गावाच्या परिसरातले पक्षी, किडे, गांडुळं, पाऊस, बर्फ यांच्या रोजच्या नोंदी ते ठेवत. त्यांनी थॉमस पेनंट आणि डेन्स बॅरिंग्टन या दोन अभ्यासकांना लिहिलेल्या पत्रांतून 'द नॅचरल हिस्टरी ऑफ सेलबर्न' हे पुस्तक झालं. त्यावर वर्ष छापलं आहे १७८९. तिकडे फ्रान्समध्ये राज्यक्रांती आणि इकडे हे गृहस्थ कासव कधी मातीत गेलं ते लिहितायत! पण ते पुस्तक आजतागायत छापलं जातं.

कासव मूळचं त्यांचं नव्हतं. ते होतं त्यांच्या आत्याचं. रिबेका स्नूक तिचं नाव, गाव ससेक्समधलं रिंगमर. तिच्या यजमानांनी ते एका खलाशाकडून अर्ध्या क्राउनला, म्हणजे अडीच शिलिंगांना, विकत घेतलं अशी घरातली कथा. भूमध्य समुद्राकाठची ही जात. उन्हाळा कोरडा, टेकड्या दगडगोट्यांच्या, झुडपं खुरटी, असा तो मूळ मुलुख. तिथून हा जीव आला थंड, ओलसर इंग्लंडात आणि राहिला कुठे, तर घराला लागून असलेल्या भिंतींच्या छोट्या चौकात. व्हाइट आत्याकडे जाऊन-येऊन असत, तेव्हा ते पाहत. त्या चौकात कासव जवळजवळ चाळीस वर्षं राहिलं. नोव्हेंबरच्या मध्याला मातीत शिरायचं, एप्रिलच्या मध्याला बाहेर यायचं. माती खणताना त्याची हालचाल इतकी सावकाश, की घड्याळाच्या तासकाट्यापेक्षा जेमतेम जास्त, असं व्हाइटनी नोंदवलं आहे. आणखी एक फार हृद्य नोंद आहे. जी म्हातारी बाई त्याला वर्षानुवर्षं खायला घालत होती, ती दिसली की ते तिच्याकडे लगबगीने यायचं. परक्यांकडे लक्षही द्यायचं नाही.

मार्च १७८० मध्ये आत्या वारली. व्हाइटनी ते कासव जमिनीतून उकरून काढलं. ते अजून झोपेतच होतं. उकरल्यावर त्याने फुसकारून निषेध केला म्हणतात. मातीने भरलेल्या पेटीत घालून, घोडागाडीतून, ऐंशी मैलांचा प्रवास करून ते सेलबर्नला आणलं. रस्त्यातल्या खडखडाटाने ते पुरतं जागं झालं. वाफ्यात सोडल्यावर बागेच्या टोकापर्यंत दोनदा चालत गेलं. संध्याकाळी गारठा पडला, तसं पुन्हा भुसभुशीत मातीत शिरलं. व्हाइट तेव्हा साठीला आलेले होते. आता याला रोज बघता येईल, या विचाराने त्यांना झालेला आनंद त्या पत्रात लपत नाही. त्या कासवाचं नाव टिमथी.

आता ही बाग कशी होती, ते नीट लक्षात घ्या. आजचा आपला विषय तोच आहे. व्हाइटनी ती कासवासाठी मुळीच बांधलेली नव्हती. १७६१ च्या सुमारास त्यांनी दोन कामं करून घेतली. एक, फळझाडांसाठी उंच भिंत. थंड देशात फळं पिकायला ऊब हवी. दिवसभर भिंत ऊन शोषते आणि ते झाडांवर परततं. दुसरं काम म्हणजे 'हा-हा'. (हशा) हसू नका, खरंच हे नाव आहे. हा एक खंदक. त्याच्या आतल्या बाजूला उभी भिंत, बाहेरच्या बाजूला उतार. घरातून पाहिलं की कुंपण दिसतच नाही, बाग थेट कुरणात मिसळल्यासारखी वाटते. गुरं मात्र आत येऊ शकत नाहीत.

पण कासवाने या दोन्ही गोष्टी आपल्या कामाला लावल्या. शरद ऋतूत ऊन उतरू लागलं की ते फळभिंतीशी जायचं आणि पाठ भिंतीला तिरकी टेकवून उभं राहायचं. तिरप्या उन्हाला तिरपा पृष्ठभाग दिला की ऊब जास्त मिळते. भूमिती न शिकता याला हे कसं कळतं, असं कौतुक व्हाइट करतात. उन्हाळ्यात भर दुपारी तेच कासव कोबीच्या मोठ्या पानाखाली नाहीतर शतावरीच्या वाफ्यात जाऊन बसायचं. पावसाचं त्याला विलक्षण वावडं होतं. भरल्या गाडीचं चाक वरून गेलं तरी सोसेल असं कवच, आणि पावसाचे चार थेंब पडायच्या आधीच हे आडोसा शोधतं! खाण्यात त्याला चीक असलेल्या वनस्पती आवडत, सॅलडची पानं आणि डँडेलियनसारखं तण. आणि तो हा-हा? काठाशी आलं की कासव थांबायचं आणि मागे वळायचं. एकदाही पडलं नाही. ज्या प्राण्याला आपण हीन समजतो त्याच्या बुद्धीला आपण फार कमी लेखतो, अशी कबुली व्हाइट देतात.

हे वाक्य महत्त्वाचं आहे. का, तर सुरुवातीला याच माणसाने याच कासवाबद्दल लिहिलं होतं, की आयुष्याचा दोन-तृतीयांश भाग गुंगीत घालवणाऱ्या या प्राण्याला देवाने इतकं दीर्घायुष्य का बरं दिलं असावं! म्हणजे आधी होती कीव. मग आलं कुतूहल. आणि हळूहळू एक आदर. ही वाट रोज पाहण्यातून तयार झाली. नुसतं प्रेम म्हणाल तर ते आमच्या आजीकडेही होतं.

व्हाइटही चुकले बरं का. त्यांनी एकदा टिमथीला पाण्याच्या टबात सोडून पाहिलं. कासव सावकाश तळाला गेलं आणि तळावरून चालू लागलं. ते फार गोंधळलेलं, घाबरलेलं दिसलं, अशी नोंद त्यांनी केली. पण प्रयोग तिथेच संपला. ही नोंद मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. त्यांना एका टबात जे दिसलं, ते आमच्या घरातल्या सात माणसांना सव्वा महिन्यात दिसलं नाही.

१७८४ च्या मे महिन्यात टिमथी नाहीसं झालं. बागेचं फाटक उघडं राहिलं असावं. आठवडाभर शोध चालला. शेवटी ते जवळच्या शेंगांच्या शेतात सापडलं. व्हाइटनी याचा अर्थ लावला प्रेमाच्या ओढीचा. वसंतात नराला मादीची आठवण येते, ते पहाटे लवकर उठतं, पाय उंच टाकत चालतं, वगैरे. त्याच वर्षी त्यांनी एका तरुण ओळखीच्या मुलीला टिमथीच्या नावाने गमतीदार पत्रही लिहिलं. त्यात कासव आपली कैफियत मांडतं.

आता यातली खरी गंमत. १७९३ च्या जूनमध्ये व्हाइट वारले. पुढच्या वर्षी टिमथीही गेलं. त्याचं कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. जाणकारांनी ते तपासलं आणि निकाल दिला : टिमथी मादी होती.

चाळीस वर्षं आत्याकडे, चौदा वर्षं सेलबर्नला. वर्षानुवर्षं वजन होत होतं, साधारण तीन किलो भरायचं. त्याच्याशी कर्ण्यातून ओरडून पाहिलं, दाद मिळाली नाही तेही लिहिलं. इतकं सगळं पाहिलं, आणि तो 'तो' नाहीच, हे कळलं नाही! आणि हा एकट्या व्हाइटचा दोष नाही. इंग्लंडात पावडरहॅम किल्ल्यावर आणखी एक प्रसिद्ध टिमथी होतं. क्रिमियाच्या युद्धात सेव्हास्टोपोलवर तोफा डागल्या गेल्या तेव्हा ते एका युद्धनौकेवर होतं. २००४ मध्ये वारलं. १९२६ मध्ये त्याची जोडी लावायचा बेत झाला, तेव्हा कळलं की तीही मादी. बीबीसीच्या 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात १९६३ मध्ये फ्रेड नावाचं कासव आलं. थोड्याच काळात त्याचं नामकरण फ्रेडा असं करावं लागलं. (हशा) तीन प्रसिद्ध कासवं, तिन्ही माद्या, आणि तिघींना आधी पुरुषी नावं. पाळणारा माणूस बहुतेक वेळा आपल्याच कल्पनेकडे पाहत असतो, याला आणखी पुरावा नको.

आणि हे कुंपणाशी कसं जोडलेलं आहे, पहा. मादी कासवाला वसंत-उन्हाळ्यात अंडी घालायला जागा लागते. उन्हात तापणारा, निचरा होणारा, भुसभुशीत मातीचा उंचवटा. तो सापडेपर्यंत ती अस्वस्थ होऊन कुंपणाच्या कडेकडेने फिरते. नर जवळ नसला तरीही हे घडू शकतं. टिमथीच्या त्या पहाटेच्या चालण्याचा दुसरा अर्थ आता तुम्हीच लावा. प्राणी कोण आहे हे नीट कळल्याशिवाय त्याचं आवार बांधता येत नाही.

आता शंभर-सव्वाशे वर्षं पुढे येऊ. 'नैसर्गिक आवार' हा शब्दप्रयोग ज्यांच्यामुळे गाजला ते कार्ल हागेनबेक. हे हँबर्गचे जनावरांचे व्यापारी. १८९६ मध्ये त्यांनी एका रचनेचं पेटंट घेतलं आणि १९०७ मध्ये हँबर्गजवळ श्टेलिंगन इथे आपलं उद्यान उघडलं. गज नाहीत, पिंजरे नाहीत. पुढे तळं, त्यामागे हरणं, त्यामागे सिंह, त्यामागे डोंगरावर रानबकरे. प्रत्येक टप्प्यात खोल खंदक, पण प्रेक्षकाला तो दिसत नाही. कोणता प्राणी किती लांब उडी मारतो हे पाहून खंदक आखले होते. डोंगर सिमेंटचे, ते घडवले उर्स एगेनश्विलर या स्विस शिल्पकाराने. लोकांना वाटलं, पहा, जनावरं मोकळी! पण ही कल्पना नवी नव्हती. हा आपला हा-हाच. जमीनदाराच्या बागेतून तो प्राणिसंग्रहालयात आला.

म्हणून मी विचारतो, हे नैसर्गिक कुणाच्या डोळ्यांना? कुंपण लपलं ते प्रेक्षकापासून. सिंहाला खंदक रोज दिसत होता. सिमेंटचा डोंगर चित्रात छान दिसतो, पण त्यात खणता येत नाही, त्यावर काही उगवत नाही. आणि हेही विसरू नका, की याच हागेनबेकनी १८७० च्या दशकापासून युरोपभर माणसांचीही प्रदर्शनं मांडली होती. उत्तरेकडचे सामी लोक, त्यांची रेनडिअर, त्यांचे तंबू, सगळं 'नैसर्गिक' वातावरणात. तेव्हा एखादी गोष्ट नैसर्गिक दिसते, एवढ्यावरून तिच्यात न्याय आहे असं मानू नये. देखावा कुणासाठी आहे, हे आधी विचारावं.

हा प्रश्न नीट मांडला तो याकोब फॉन युक्सक्यूल या जीवशास्त्रज्ञाने. १९०९ पासून तो सांगत होता की प्रत्येक प्राण्याला स्वतःचं असं एक जग असतं. त्याने शब्द वापरला 'उमवेल्ट'. आपण म्हणू, ज्याचं त्याचं जग. त्याचं आवडतं उदाहरण गोचिडीचं. गोचीड झुडपावर बसून असते. तिच्या जगात मोजक्याच खुणा आहेत : जनावराच्या कातडीतून येणारा विशिष्ट आम्लाचा वास, रक्ताची ऊब, केसांचा स्पर्श. फुलं, आकाश, चांदणं तिच्यासाठी नाहीच. आता हेच कासवाला लावा. त्याच्या जगात तुमच्या बागेचं सौंदर्य नाही. त्याच्या जगात आहे जमिनीची ऊब, सावलीची कड, मातीचा ओलावा, पाल्याचा वास, आणि 'इथून पुढे जाता येत नाही' ही जाणीव.

पुढे हाइनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने हे प्राणिसंग्रहालयात आणलं. बर्न, बाझल आणि झुरिक इथली प्राणिसंग्रहालयं त्याने चालवली. बंदिवासातल्या वन्य प्राण्यांवरचं त्याचं पुस्तक १९४२ चं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : रानातला प्राणीही मनसोक्त भटकत नसतो. त्याचंही एक क्षेत्र असतं, त्यात झोपायची जागा, खाण्याची जागा, लपायची जागा, ठरलेल्या वाटा असतात. तेव्हा जागा किती, यापेक्षा जागेत काय, हे जास्त महत्त्वाचं. आता मागे वळून सेलबर्नची बाग पहा. उबेला भिंत, सावलीला कोबी, झोपायला भुसभुशीत माती, खायला तण, आणि थांबवायला हा-हा. व्हाइटनी न ठरवता हेडिगरची यादी जवळजवळ पूर्ण केली होती. राहिला होता तो अंड्यांसाठीचा उंचवटा.

विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये कासव ही स्वस्त गोष्ट झाली. मोरोक्को, तुर्कस्तान, ग्रीस, युगोस्लाव्हिया इथून खोकी भरभरून कासवं यायची आणि मुलांच्या हाती पडायची. त्यातली फार मोठी संख्या पहिल्या हिवाळ्यापलीकडे जगायची नाही. मेलं की दुसरं आणायचं. युरोपीय समुदायाने भूमध्य जातींच्या या व्यापारावर १९८४ पासून बंदी घातली. मग जी कासवं घरोघर उरली होती ती जगवणं भाग पडलं, त्यांची पिल्लं वाढवणं भाग पडलं. दुसरं सहज मिळत नाही म्हटल्यावर असलेल्याकडे नीट पाहणं आलं.

त्यातून जे शिकणं झालं ते मी चार गोष्टींत सांगतो, कारण प्रत्येकीत एक विचार आहे. पहिली, दिशा. आवार दक्षिणेकडे उघडं हवं, जमीन सपाट नको. उंचवटे केले की एकाच वेळी एका अंगाला ऊन आणि दुसऱ्या अंगाला सावली मिळते, आणि कासव स्वतः निवड करतं. ज्याचं रक्त बाहेरच्या तापमानावर चालतं त्याला निवड देणं म्हणजे जवळजवळ आरोग्यच देणं. दुसरी, भिंत. ती अपारदर्शक हवी. जाळी किंवा काच लावली तर पलीकडचं दिसत राहतं आणि कासव तिथेच ढुशा देत, खरडत दिवस घालवतं. भिंत जमिनीतही खाली गेलेली हवी, कारण ते खणतं. कोपऱ्यांकडे लक्ष हवं, कारण कोपऱ्यात ते वर चढतं. गंमत पहा, हागेनबेकने कुंपण लपवलं माणसासाठी. इथे कुंपण ठळक करायचं, कासवासाठी.

तिसरी, खाणं. आपण ज्याला तण म्हणून उपटतो तेच त्याचं अन्न. तेव्हा स्वच्छ, कातरलेली हिरवळ ही कासवाच्या दृष्टीने उपासमार. चौथी, ओलावा. वर्षानुवर्षं समजूत अशी होती, की पाळीव कासवाच्या पाठीवर टेंगळं येतात ती जास्त प्रथिनांमुळे. २००३ मध्ये व्हिएन्नातल्या वीस्नर आणि इबेन या संशोधकांनी आफ्रिकेतल्या एका जातीची पिल्लं वेगवेगळ्या आर्द्रतेत आणि वेगवेगळ्या आहारावर वाढवली. टेंगळं आली ती मुख्यतः कोरड्या हवेमुळे. प्रथिनांचा वाटा किरकोळ निघाला. वाळवंटाच्या कडेचा प्राणी, म्हणून त्याला कोरडं ठेवायचं, हे आपलं तर्कशास्त्र. पण तो प्राणी दिवसाचा मोठा भाग ओलसर बिळात काढतो. आपण त्याच्या मुलुखाचा नकाशा पाहिला, त्याचं बीळ पाहिलं नाही.

आता घरी येऊ. आपलं ते चांदण्यांचं कासव. वायव्य भारतात, म्हणजे गुजरात-राजस्थानच्या बाजूला, आग्नेय भारतात आणि श्रीलंकेत ते आढळतं. पावसाळ्यात ते जास्त हिंडतं-फिरतं. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्याला लागू आहे. ते पकडणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातही त्याला सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत घातलं गेलं. तरीही चोरटा व्यापार चालू आहे. पाठीवरच्या त्या चांदण्या आपल्याला आवडतात ना, त्यामुळेच. वाळल्या गवतात त्या रेषांनी कासव दिसेनासं होतं. जे त्याला लपवायला आहे, त्याच्यामुळेच ते आपल्या हाती लागतं.

पकडलेली कासवं वनखात्याकडे येतात. मग त्यांचं काय करायचं? नेऊन सोडून दिली की झालं, असं वाटेल. तसं होत नाही. अनोळखी जागी सोडलेलं कासव घर शोधत लांब भरकटतं. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनामध्ये गोफर जातीच्या कासवांवर एक अभ्यास झाला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही कासवं थेट सोडली. काही सोडण्याआधी त्याच रानात आखलेल्या आवारात ठेवली, कुणाला नऊ महिने, कुणाला वर्षभर. मग कुंपण काढून टाकलं. जी आवारात राहिली होती ती बहुतांश त्याच परिसरात टिकली. थेट सोडलेली दूर पांगली. दोनशे वर्षांचा कुंपणाचा हा इतिहास मी वाचत होतो, त्यात मला सगळ्यात समाधान देणारं कुंपण हेच वाटलं. ते आत रानच ठेवतं, आणि एक दिवस काढून टाकण्यासाठीच उभारलेलं असतं.

मी तीस वर्षं गीतेचा दुसरा अध्याय शिकवला. स्थितप्रज्ञाच्या लक्षणांत कासवाचा दृष्टान्त येतो, आपले अवयव आत ओढून घेणारं कासव. मी तो फार रंगवून सांगत असे. इंद्रियसंयम, वैराग्य. खरं कासव मात्र अंग आवरून घेतं ते भीतीने. दृष्टान्ताचं काम दृष्टान्ताने करावं, त्यात चूक नाही. पण एवढी वर्षं कासवाबद्दल बोलताना घंगाळातलं कासव माझ्या मनात आलं नाही, हे मला आता खटकतं.

आपल्या संतांनी कासवाची दुसरी एक प्रतिमा वापरली आहे. कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, ती नजरेनेच त्यांना पोसते. कूर्मदृष्टी. प्राणिशास्त्र म्हणेल, हे खरं नाही. अंडी मातीत पुरून ती निघून जाते. मान्य. पण मला वाटतं, ही प्रतिमा आपण उलटी करून घ्यावी. कासवीने पिल्लाला नजरेने पोसलं की नाही, ते राहू द्या. ज्याला आपण कुंपणात घातलं आहे, त्याला जगवायची जबाबदारी आपल्या नजरेवर आहे. व्हाइटना ते पुष्कळसं जमलं. पुरतं तेही नाही जमलं.



(व्याख्यानानंतरच्या प्रश्नांपैकी दोन)

प्रश्न : सर, घरात कासव ठेवलं की भरभराट होते म्हणतात. पितळेचं ठेवलं तर चालेल का?

उत्तर : पितळेचं खुशाल ठेवा. (हशा) शिवालयात नंदीजवळ दगडी कासव असतंच की. आपण त्याला नमस्कार करून पुढे जातो. त्याला भूक नाही, ऊन नाही, कायदा नाही. जिवंत कासवाने तुमची भरभराट करावी ही अपेक्षा त्याच्या पाठीवर टाकू नका. आधीच पाठीवर बरंच आहे.

प्रश्न : माझ्या चुलत्यांकडे एक चांदण्यांचं कासव आहे, पुष्कळ वर्षांपासून. आता काय करावं? नदीत सोडावं का?

उत्तर : नदीत नको! कृपा करून नको. बुडेल ते. कुठल्यातरी माळावर नेऊनही सोडू नका. वनखात्याला कळवा आणि त्यांच्या हाती द्या. चुलत्यांना वाईट वाटेल, भीतीही वाटेल. तुम्ही त्यांच्याबरोबर जा. आणि देण्याआधी एकदा त्याच्या पायांकडे नीट बघा. मी नऊ वर्षांचा असताना कुणीतरी मला एवढं सांगायला हवं होतं.